उपरण्याखालचं दुखणं

किसन हेड्याने मला फसवलं. मीही त्याला फसवत होतो, पण सुरुवात त्याने केली, एवढं मला आधी सांगून ठेवायचं आहे. हेडी म्हणजे बैलांच्या बाजारातला दलाल. ज्याने हयातभर म्हाताऱ्या बैलांची शिंगं तासून, रंगवून ते तरणे म्हणून खपवले, त्या माणसाशी मी त्याच्याच दुखण्याचा सौदा करायला बसलो. आणि सौदा आपण जिंकतोय, असं समजत राहिलो.

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. केडगावात पुणे रस्त्याला माझा पत्र्याचा दवाखाना होता. त्यातलं तपासायचं बाकडं, खुर्ची, औषधांचं कपाट, सगळं मी भांडून भांडून स्वस्तात मिळवलेलं. वडील भाजीबाजारात हमाल होते. मिशनच्या शाळेत फी माफ व्हावी म्हणून मी पाद्रीसाहेबांशी इतका वाद घातला, की ते म्हणाले, "तू वकील हो बाबा. निदान लोक तुझ्यापासून लांब तरी राहतील." मी डॉक्टर झालो. लोकांना यावंच लागलं.

किसनरावांना गालाचा कॅन्सर होता. ज्या गालात ते तंबाखूची गोळी धरत, त्याच गालात. मुंबईला लाइट घेऊन झाला होता. लाइट म्हणजे रेडिएशन, पेशंट त्याला लाइटच म्हणतात. नंतर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या. घरी म्हणजे माझ्याकडे.

जखम गालाबाहेर आली होती. तोंड धड उघडत नव्हतं. दूध, पेज, पातळ पिठलं एवढंच जाई. बोलणं कष्टाचं. आणि दुखणं असं, की गेले कित्येक दिवस ते आडवे झाले नव्हते. डोकं टेकलं की गालात घण बसायचे. भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर उशी घेऊन बसून राहायचे. त्यांना दुसरं काही नको होतं. एकदा आडवं होऊन झोपायचं होतं.

माझ्याकडे मॉर्फिन होतं. अफूपासून बनवलेलं हे औषध. नगरच्या एका परवानावाल्या दुकानातून सह्या करकरून आणावं लागे. तीव्र दुखण्यावर याच्या तोडीचं काही नाही. पण कॉलेजात आम्हाला ते साप दाखवावा तसं दाखवलं होतं. सवय लागते. श्वास मंदावतो. शक्य तितकं कमी द्या, शक्य तितकं उशिरा द्या.

कमी द्या म्हटल्यावर मी खूश. कमी देणं हे माझं जन्मजात कौशल्य.

किती दुखतंय ते बोलता येत नव्हतं, म्हणून किसनरावांनीच वाट काढली. त्यांनी खांद्यावरचं उपरणं हातावर टाकलं आणि माझा हात त्याखाली ओढून घेतला. बैलबाजारात भाव असाच होतो. कापडाखाली एकाने दुसऱ्याची बोटं दाबायची. जितकी बोटं तितका भाव. भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. मला ही भाषा लहानपणापासून ठाऊक होती. मला फार आनंद झाला. इतका, की समोर पेशंट आहे हेच मी विसरलो.

आमचं ठरलं. एक बोट म्हणजे थोडं दुखतंय. अख्खा पंजा म्हणजे सोसवत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी अख्खा पंजा दाबला.

आता तुम्हीच सांगा, पहिला भाव कधी खरा असतो का? मी मनात दोन बोटं कमी केली आणि अर्धी ॲम्प्यूल टोचली. ॲम्प्यूल म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी. वर दम दिला, "किसनराव, दुखायला लागल्याशिवाय बोलावणं पाठवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पंजा. तिसऱ्या दिवशी पंजा आणि वर मनगट.

"मनगट कुठून आलं? आपलं पाचावर ठरलंय," मी म्हणालो.

"म्हागाई," ते तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाले.

त्यांची बायको पारूबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "डाक्तरसाहेब, पुरी बाटली का देत न्हाई? रातभर भितीला डोकं घासत्यात वो."

"मावशी, सवय लागेल."

"सवय लागाया मानूस तर ऱ्हायला पायजे ना?"

मी म्हणालो, हे तुम्हाला कळायचं नाही. हे वाक्य मी त्या काळात फार वापरत असे. विशेषतः मला उत्तर येत नसेल तेव्हा.

मग एका दुपारी मी न बोलावता गेलो. ओट्यावर चार माणसं, मध्ये एक खोंड, आणि किसनराव त्याच्या जबड्यात बोटं घालून दात तपासताहेत. डोळ्यांत हसू. तेवढ्यात माझी सायकल दिसली. त्यांनी खोंडाचं तोंड सोडलं, भिंतीला टेकले आणि डोळे मिटून कण्हायला लागले. नाटक कंपनीतही इतक्या झटपट कोणी मरत नाही.

माझं डोकं फिरलं. "सोंग करता? माझ्याशी? मी काय परगावचं गिऱ्हाईक आहे?"

"सकाळचं औषद हाय अजून अंगात," पारूबाई म्हणाली. "म्हनून बसल्यात हसत. अजून घटकाभरानं बघा."

"मग आता कशाला कण्हतात?"

"तुमी येईपातूर, भाव करीपातूर, सुई उकळीपातूर दुखनं वर येतंय. म्हनून आधीच बोलीत्यात. तुमी निम्मं देता, म्हनून दुप्पट सांगत्यात. न्हाईतर काय करायचं?"

म्हणजे हा माणूस पहिल्या दिवसापासून माझी कपात धरून भाव सांगत होता. मला याचा राग आला. दुखण्याची दया यायला हवी होती, पण आधी राग आला. तालुक्यात माझ्याशी सौद्यात कोणी जिंकलेलं नव्हतं. मी सांगून टाकलं, इंजेक्शन बंद. ॲस्पिरिन आणि कोडीनच्या गोळ्या कुटून पाण्यातून द्या. कोडीन हा मॉर्फिनचा गरीब भाऊ. या दुखण्यापुढे त्याचं काही चालत नाही.

त्यानंतर बोलावणं आलं नाही. आज नाही, उद्या नाही. मी कंपाउंडरला ऐटीत म्हणालो, "बघ. सवय मोडली की नाही?"

कंपाउंडर म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईकानं दुकान बदललं असंल."

हे मात्र मला झोंबलं. मी सायकल काढली.

किसनराव त्याच भिंतीपाशी होते. उशीला रक्तपाण्याचे डाग. डोळे उघडे, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मी समोर बसलो. त्यांनी सवयीने उपरणं ओढलं आणि हात खाली दिला. मीही दिला. आणि वाट पाहत राहिलो. पंजा येईल, मनगट येईल, कदाचित कोपरापर्यंत मजल जाईल.

काहीच आलं नाही. त्यांचा हात नुसता माझ्या हातावर पडून राहिला. गरम, ढिला.

"बोला की, किसनराव."

पारूबाईने पदराने तोंड पुसलं. "बाजार उठायच्या टायमाला ज्याच्या जनावराला कुनी इचारत न्हाई, त्यो असा हात देतो, साहेब. तुमाला काय द्यायचं ते द्या, म्हनून."

मी आयुष्यात पुष्कळ माणसांना नमवलं होतं. समोरचा असा पूर्ण नमला की मला सुख होत असे. त्या दिवशी ते सुख बाहेर यायला तयारच होईना. मी अख्खी ॲम्प्यूल भरली. टोचली. आणि निघून जायचं सोडून श्वास मोजत बसलो, कारण कॉलेजातला साप अजून मनात होता. श्वास चांगला चालला होता. थोड्या वेळाने किसनरावांनी हाताने उशी बाजूला केली. कुशीवर कलले. मग आडवे झाले. मग घोरायला लागले. पारूबाई रडत होती आणि मधूनच मला म्हणत होती, "गप बसा, आवाज करू नगा." मी काही बोलतच नव्हतो.

त्या दिवशी मी ठरवलं की आता भाव नाही. एकच दर. माझ्यासारख्या माणसाला ही नामुष्कीच, पण इलाज नव्हता. मॉर्फिनचा असर चारेक तास टिकतो. म्हणजे चार-चार तासांनी ते द्यायचं. दुखो न दुखो, मागो न मागो. दुखणं वर यायच्या आधी औषध पोटात पाहिजे, म्हणजे मागायची पाळीच येत नाही. इतकं सोपं. परवानावाल्या दुकानातून मॉर्फिनचं पातळ मिक्श्चर बनवून घेतलं, बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि माझं गजराचं घड्याळ पारूबाईला दिलं. मॉर्फिनने शौचाला साफ होत नाही, म्हणून सोबत एरंडेल. एरंडेलावरून मात्र किसनरावांनी माझ्याशी जोरात भांडण केलं. त्यावरून मी ओळखलं की प्रकृती सुधारली.

आठवड्याने गेलो तेव्हा उपरण्याखाली एक बोट दाबलं गेलं. फक्त करंगळी.

"खरा भाव?" मी विचारलं.

"आईशप्पत," ते म्हणाले.

डोस वाढवू का म्हटलं, तर मान हलवून नको म्हणाले. ज्याला सवय लागेल म्हणून मी इतका जपत होतो, तो माणूस पुरेसं मिळाल्यावर जास्त मागतच नव्हता. पुढे दुखणं वाढलं तेव्हा डोसही वाढवावा लागला. पण ते दुखणं होतं, चटक नव्हती. मधल्या काळात ते बैलगाडीत बसून वाळकीच्या बाजाराला गेले, लिंबाखाली बसले आणि एका जोडीचा सौदा करून आले. बैल म्हातारे होते, असं मी नंतर ऐकलं. शेवटी गेले ते आडवे, झोपेत.

हे सगळं मी आमच्या डॉक्टरमंडळींच्या बैठकीत एका बड्या सरांना सांगितलं. सर परीक्षक होते, पेपर काढत.

"हे बाहेर बोलू नका," ते म्हणाले. "इतकं मॉर्फिन? सवय लागली असती तर?"

"सर, तो वारला."

"मग? शेवटी द्यायचंच असतं. तुम्ही घाई केलीत."

माझा आवाज इतका चढला, की शेजारचे दोघे चहा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले. सर मात्र शांत होते. त्यांना सवय होती.

आता माझी तक्रार ऐका. मॉर्फिनचे धोके लिहा, हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. मी पानभर लिहिलं आणि वर्गात पहिला आलो. दुखणाऱ्या माणसाला किती द्यायचं, किती वेळाने द्यायचं, हा प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही. मी कमी द्यायला शिकलो, आणि त्याचे मला मार्क मिळाले. ज्यांनी तो पेपर काढला, तपासला, माझी पाठ थोपटली, त्यांतले काही अजून आहेत. पारूबाईंचा प्रश्न मी वर लिहिलेला आहे. माणूस राहणारच नसेल, तर सवय कोणाला लागणार होती? सरांनी उत्तर द्यावं. थोडक्यात चालेल.