आवाज शोषणाऱ्या गोधड्या

मंडळी, बाबांचे कान ठणठणीत असल्याचा शोध आज दुपारी लागला.

ठाकुर्लीच्या नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांना भिंतीवरच्या टीव्हीतलं एकही वाक्य कळेना. "वय झालं रे," म्हणत त्यांनी टीव्ही बघणंच सोडलं होतं.

आज स्पीकर लावायला आलेल्या माणसाने हॉलमध्ये टाळी वाजवली. ती तीनदा ऐकू आली. "साहेब, नुसती काच आणि टाइल्स! आवाज घुमणारच. काहीतरी मऊ आणा."

मऊ ते सगळं मीच डोंबिवलीच्या चाळीत टाकून आलेलो, इंटिरियरला शोभत नाही म्हणून. तिथे एका खोलीत गाद्यांची चळत, दोरीवरचे कपडे आणि टीव्हीसमोर अर्धी चाळ. आवाजाला घुमायला जागाच नव्हती.

आईने माझ्या नकळत आणलेल्या चार गोधड्या बाहेर काढल्या. तीन टीव्हीसमोरच्या भिंतीवर टांगल्या, एक खाली अंथरली. बातम्या लावल्या.

बाबा पाच मिनिटं ऐकत बसले. मग म्हणाले, "अरे, हे लोक एवढं खोटं बोलतात होय?"

हॉलची शोभा गेली, पण बाबा सोफ्यावरून हललेले नाहीत.

तुम्ही नव्या घरात येताना काय काय टाकून आलात?