भावाचा अल्बम आणि बाबांची पेटी

माझ्या भावाचा अल्बम आला तेव्हा घरातला लाउडस्पीकर मी झाले होते. आठ गाणी. त्यानेच लिहिलेली, त्यानेच गायलेली, पाठीशी कुठली कंपनी नाही की कोणी शेटजी नाही. गिटार, ड्रम आणि त्यावर कोकणातल्या आमच्या गावचे मालवणी शब्द. त्याचे मित्र त्याला फोक-रॉक म्हणतात, आई 'गिटारवरची गावची गाणी' म्हणते आणि मोकळी होते. माझं सासर परळला, माहेर लालबागला, हाकेच्या अंतरावर. त्यामुळे दर रविवारी सकाळी मी चाळीत हजर, आणि चहा पोटात गेला की मोबाइल काढून लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचायला बसायची. मोठ्याने. कारण समोर पेपराच्या मागे बाबा असायचे.

आणि लोकांनी काय कमी लिहिलं होतं? नागपूरच्या एका नर्सने लिहिलं होतं, ड्युटी संपली की हीच गाणी ऐकत घरी जाते, पाय दुखायचे थांबतात. मस्कतला गाडी चालवणाऱ्या एकाने लिहिलं, अल्बममधलं होडीचं गाणं लागलं तेव्हा गाडी बाजूला घेतली, डोळे पुसले आणि आधी आईला फोन लावला. कोल्हापूरची एक बाई म्हणत होती की तिचं बाळ ही गाणी लावल्याशिवाय झोपतच नाही.

"म्हणजे बोअर आहेत," भाऊ म्हणाला.

"गप रे! लोक जीव ओवाळून टाकतायत आणि याचं आपलं भलतंच."

पेपर जरासा खाली आला. मला वाटलं, चला, आता बोलणार.

"आवाज बारीक कर गो," बाबा म्हणाले. "टीव्हीर बातम्यो लागल्यो हत."

आमचे बाबा एका छापखान्यात बाइंडर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण चाळीत त्यांना सगळे बुवा म्हणतात, कारण चाळीच्या भजन मंडळात पेटीवर तेच बसतात. चाली उचलण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. लग्नाच्या बँडची असो, टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीची असो, चाल कानाला गोड लागली की त्यावर देवाचे शब्द बसवून गुरुवारच्या तालमीत तयार. भाऊ लहानपणापासून त्यांच्या मागे टाळ घेऊन बसायचा; मंडळातले म्हातारे त्याला 'बुवांचो झील', बुवांचा मुलगा, म्हणायचे. सूर म्हणजे काय ते तो तिथेच शिकला.

मग कॉलेजात गेल्यावर त्याला शिंगं फुटली. एकदा सगळ्या मंडळासमोर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही दुसऱ्यांच्या चाली उचलता आणि ज्याने बांधली त्याचं नावसुद्धा घेत नाही. चोरीच आहे ही."

बाबा चिडले नाहीत. "वायट चालीक कोण हात लावता?" एवढंच म्हणाले. त्या दिवशी भावाने टाळ खाली ठेवले ते ठेवलेच. तेव्हापासून दोघांचं बोलणं 'दूध आणलंस?' आणि 'आणलं' यापलीकडे फारसं गेलं नाही.

जानेवारीत त्याला लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरी चालून आली. कायमची, दिवसभराची, वर शिफ्टची. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. त्या गुरुवारी मी चाळीत गेले तेव्हा गॅलरीत उभा राहून मला म्हणाला, "घेतो, ताई. गिटार माळ्यावर टाकतो."

"डोकं फिरलंय का तुझं? एवढे लोक..."

"ते लोक चांगले आहेत गं. पण मला सूर ज्यांनी शिकवला ते गप्प आहेत. बाबांना खोटं बोलता येत नाही, म्हणून गप्प आहेत. म्हणजे गाण्यांत दम नाही. उगाच कशाला ओढायचं?"

माझं टाळकंच सटकलं. आत जाऊन मी बाबांना फैलावर घेतलं. "मिठाची गुळणी धरून बसलायत का? एकदा 'बरं आहे' म्हटलंत तर जीभ झिजेल? पोरगा गाणं सोडायला निघालाय!"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माका तसा बोलूक जमना नाय," म्हणाले आणि चपला घालून तालमीला निघून गेले. मी आईजवळ त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या.

त्याच शनिवारी चाळीची सत्यनारायणाची पूजा होती. संध्याकाळी अंगणात भजन. चिंचपोकळीच्या मंडळाचे बुवा पाहुणे म्हणून पुढे बसलेले. ते आणि बाबा म्हणजे जुनी चुरस, एकमेकांना कधी बरं म्हणायचे नाहीत. भाऊ शिऱ्याचं ताट घेऊन रांगेला प्रसाद वाटत होता, मी त्याच्या बाजूला तीर्थ देत होते.

भजनाच्या शेवटी गजर असतो, सगळ्यांनी मिळून चढवत न्यायचा. बाबांनी पेटीवर सूर धरले आणि माझ्या हातातली पळी थांबली. होडीचं गाणं! शब्द गणपतीचे, पण चाल तीच. दुसऱ्या ओळीत भाऊ एक श्वासभर थांबतो ना, तिथे बाबाही थांबले. आणि मागचे सगळे म्हातारे बरोबर तिथेच थांबले. एकदा ऐकून हे येत नाही. कित्येक गुरुवार तालीम झाली असणार. मला भावाकडे बघायचा धीर होईना.

गजर चढला, टाळ्या पडल्या. चिंचपोकळीचे बुवा मांडी सोडून पुढे सरकले. "बुवानू, चाल खंयची ही? आमका होयी."

बाबांनी पेटीवरचा हात उचलला. "माझ्या झिलाची," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "घेवा खुशाल. पण म्हणताना आधी त्याचा नाव सांगा."

भावाने शिऱ्याचं ताट माझ्या हातात कोंबलं. "ताई, हे धर. आणि सोमवारी मला त्या ऑफिसला फोन करायची आठवण कर. नाही म्हणून सांगायचंय." मग माणसांतून वाट काढत तो बाबांच्या मागे, आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसला. कोणीतरी त्याच्या हातात टाळ दिले. बाबांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"परत घेवया," म्हणाले, आणि पेटी सुरू केली.

मी ताट घेऊन तशीच उभी. डोळ्यांना नुसती धार लागलेली. रांगेतली शेजारची म्हातारी हात पुढे करून केव्हाची थांबली होती.

"अगो, रडतंस कित्याक?" ती म्हणाली. "शिरो खारट होतलो."