फोल्डरात नसलेला तुकडा

हेंद्रेपाड्याचा राजरत्न उल्हासनगरला एका शेठच्या ऑफिसात वेबसाइट बनवायचा. २००७ साली शेठने निधनवार्तांची साइट काढली. तिच्या पानावर स्वतःचा मजकूर नव्हताच. प्रत्येक समाजाच्या रीतीप्रमाणे लिहिलेले तुकडे एका फोल्डरात होते. अर्जात जो समाज निवडावा, त्या नावाचा तुकडा पान आपणहून शोधून आणी आणि बातमीत बसवी. तुकडा सापडला नाही तर पान कोरं दिसू नये, म्हणून राजरत्ननेच एक 'सर्वसाधारण' तुकडा ठेवला होता.

बौद्ध समाजाचाही त्याने लिहिला होता. शेठ म्हणाला, "वो लोग अपने पेपर में देते हैं. बाद में डालना." 'माझ्याच घरात लागेल, शेठ,' एवढंच राजरत्नला म्हणायचं होतं. तो "ठीक आहे" म्हणाला. अर्जाच्या यादीत 'बौद्ध' हे नाव राहिलं, तुकडा त्याच्या कॉम्प्युटरवरच पडून राहिला.

पुढच्या वर्षी त्याचे वडील रामभाऊ गेले. छप्पन साली पंधराव्या वर्षी दीक्षा घेतलेला माणूस. "माझ्यामागं पिंड नको, कावळा नको," हे त्यांनी घरात कितीदा बजावलं होतं.

"तू घर बघ, बातमी मी टाकतो," ऑफिसातला धर्मेश म्हणाला. त्याने यादीतून बरोबर 'बौद्ध' निवडलं. पान फोल्डरात शोधून आलं आणि हाती लागला तो 'सर्वसाधारण' तुकडा घेऊन उभं राहिलं.

तिसऱ्या दिवशी अंबरनाथहून मधूकाका आले. रामभाऊंबरोबर कारखान्यात तीस वर्षं काढलेले. त्यांनी सायबर कॅफेतली प्रिंट पुढे केली.

"राजा, रामभाऊ शेवटी फिरला का रे?"

"मोठ्यानं वाच," राजरत्नची आई सुंदराबाई म्हणाल्या.

त्याने वाचलं. कैलासवासी. देवाज्ञा झाली. दशक्रिया नदीच्या घाटावर.

"ह्यांच्या नावापुढं हे कुणी लिहिलं?"

राजरत्नने प्रिंटची घडी घातली. मधूकाकाच म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक असंल, वहिनी. मशीनला काय कळतंय."

"हो," राजरत्न म्हणाला.

मग नाक्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन त्याने तुकडा पुन्हा लिहून साइटच्या फोल्डरात टाकला. दोन मिनिटांचं काम. पानावर 'कैलासवासी'च्या जागी 'कालकथित' आलं, दशक्रियेच्या जागी 'जलदान विधी' आलं. पण अंबरनाथला कारखान्यातल्या बौद्ध मंडळींत प्रिंटा हातोहात फिरल्या होत्या.

जलदानाला भन्तेजी आले, शेजारी आले. मागच्या दोन चटया रिकाम्या राहिल्या.

"कारखान्यातली माणसं कुठायत?" आईने विचारलं.

"दशक्रियेला आम्ही जात नाही म्हणाले. मधूकाकांनी समजावलं, पण ऐकलं नाही." तो म्हणाला. "आई, मशीनची चूक नव्हती. आपला तुकडा मीच ठेवला नव्हता. शेठ नको म्हणाला, मी गप्प बसलो."

सुंदराबाईंनी रिकामी चटई गुंडाळायला घेतली. "मला काय सांगतोस? मधूभाऊजींना सांग. ते तुझ्यासाठी 'मशीनची चूक' म्हणत दारोदार खोटं बोलून आलेत."

मधूकाका मांडवात एकटेच बसले होते. राजरत्न जाऊन शेजारी बसला.

"काका..."

"बोल."

राजरत्नने चटईची दुमडलेली कड सरळ केली.

"चहा असला तर बघ जरा," मधूकाका म्हणाले.

तो उठला आणि चहा आणायला गेला.