पाच मिनिटांची फट

मावसभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याची केळी रावेरकडे, माझा फोटोचा धंदा जळगावात. शेतातल्या पंपाची मोटार जळली तर तो स्वतः वाइंडिंग भरतो, म्हणून कॅमेरा आपोआप सरकवणारा स्लायडर बनवायचं माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी थेट त्याच्याकडे गेलो.

धुळ्यात शेतीच्या फिल्म बनवणाऱ्या एका गृहस्थांना केळीचा घड उमलताना हवा होता, पहिल्या फणीपासून शेवटच्या फणीपर्यंत, आणि कॅमेरा हळूहळू सरकता. जमलं तर पुढचं सगळं काम मलाच, असं ते म्हणाले होते. वीस वर्षं लग्नांत नवरदेवाच्या आत्यांना 'थोडं हसा' सांगून मी विटलो होतो. मला त्यातून सुटायचं होतं, बस्स.

महिनाभर आम्ही त्याच्या ओसरीवर खपलो. सरकत्या खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी, बिघडलेल्या प्रिंटरची मोटार, आट्यांचा रॉड. पहिल्याच दिवशी पट्टीवरची कॅमेऱ्याची गाडी अशी सुसाट सुटली, की कॅमेऱ्याऐवजी ठेवलेली वीट थेट वहिनींच्या परातीत. शेवटी त्यानेच टायमर बसवला: दर पाच मिनिटांनी मोटार केसभर सरकणार, थांबणार, थरथर निवली की फोटो, मग पुन्हा पाच मिनिटं गप्प. नुकतंच केळफूल बाहेर पडलेलं एक झाडही त्यानेच दाखवलं. याला कोणी हात लावणार नाही, म्हणाला.

सातव्या दिवशी त्याचा फोन. वावटळ आली, केळफूल मोडलं. आत दोन फण्या उघडायच्या बाकी होत्या. मी पोहोचलो तर त्याचं तोंड एवढंसं झालेलं. उलट मीच त्याची समजूत घातली, वाऱ्यापुढे कोणाचं चालतं म्हणालो, जेवलो आणि त्याने झाडापासून काढून आणलेला कॅमेरा कार्डासकट घेऊन घरी आलो.

कॉम्प्युटरवर फोटो लावले. दोन वाजून दहा मिनिटांनी केळफूल आहे, सव्वादोनला नाही. मागे एक फाटकं पान लोंबत होतं, ते दोन्ही फोटोंत जिथल्या तिथे. कसली वावटळ अन् कसलं काय. दांडा तिरका कापलेला, चीक गळतोय.

मग मी सातही दिवसांचे फोटो बघत सुटलो. मजूर आले होते, कुत्रं आलं होतं, पाणी घेऊन वहिनी आल्या होत्या. तो एकटाच कुठे नव्हता. त्या पाच मिनिटांत यायचं, कापायचं आणि निघून जायचं, हे आम्हा दोघांशिवाय कोणाला जमणार? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. निर्यातवाल्यांचा माणूस मळा बघायला येणार होता. त्यांना घडाला आठच फण्या लागतात, खालच्या केळफुलासकट छाटाव्या लागतात. सगळे घड सारखे दिसायला हवे होते. अरे, मग एक शब्द टाकायचा ना! विळा मी स्वतः हातात दिला असता.

"मग सांगितलं का नाहीस?"

त्याने ओसरीवर आणून ठेवलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. "तू हो म्हटला असता. मंग जनमभर तुझा उपकार रायला असता. वाऱ्याचा उपकार राहत नही."

मी पाना मागितला. मोटार आणि टायमर सोडवून त्याच्या ओसरीवर ठेवले, पट्टी काखेत मारली आणि निघालो. वहिनी जेवून जा म्हणाल्या. भूक नाही म्हटलं.

धुळ्याच्या गृहस्थांनी दुसऱ्या कोणाकडून तो घड करून घेतला. मी अजून लग्नांचेच फोटो काढतो. यंदा मावसभावाच्या मुलीचं लग्न झालं. फोटोवाला त्याने भुसावळहून आणला होता. मी पाहुण्यांच्या पंगतीत बसून जेवलो. त्याने स्वतः येऊन आग्रहाने वाढलं, आणि फोटोबद्दल एक अक्षर काढलं नाही.