आमचे भट्टीवाले

मामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कर्जतच्या बाजारात चीज घेत होतो. दुसऱ्या दिवशी रविवार होता, घरी पिझ्झाचा बेत होता आणि मामू सकाळच्या गाडीने येणार होता. खालापूरहून त्याच्या शेजाऱ्याचा आवाज... “सर, मामू आज उठलाच नाय.” मी हातातलं पाकीट परत ठेवलं. दुकानदाराने काय झालं म्हणून विचारलं, तर मी म्हणालो, “ओळखीचे एक गेले.” ओळखीचे! ज्याच्या घरात मी लहानाचा मोठा झालो, त्याला मी तो गेल्यावरही ओळखीचाच म्हणालो. जिभेला एकदा वळण लागलं की ती सुधारत नाही, हेच खरं. हे वळण तिला कसं लागलं ते सांगण्यासाठी आज लिहायला बसलो आहे.

मी पाच वर्षांचा असताना वडील गेले. आईचा धाकटा भाऊ इस्माईल, म्हणजे आमचा मामू, आम्हा दोघांना खालापूरला घेऊन गेला. त्याची पावाची भट्टी होती. लग्न त्याने केलंच नाही. कुणी विषय काढला की म्हणायचा, माझं भट्टीशी लागलंय. मी शिकलो, कॉलेजात शिकवायला लागलो, कर्जतला घर बांधलं. मधल्या काळात बाहेरून तयार पावाच्या गाड्या येऊ लागल्या आणि मामूने भट्टी बंद केली. त्याने फार बोलून दाखवलं नाही, पण महिनाभर तो आमच्याकडे फिरकला नाही. मग एका सकाळी टेंपोतून आला तो जुन्या भट्टीच्या विटा घेऊनच. माझ्या मुलीने, निलोफरने, कधीतरी घरचा पिझ्झा हवा म्हणून हट्ट धरला होता, तेवढं निमित्त त्याला पुरलं. माती, भाताचं तूस आणि गुळाचं पाणी पायाने तुडवून त्याने आमच्या परसात गोल भट्टी उभी केली. मी मदत करायला गेलो तर म्हणाला, “तू पुस्तकं वाच, चिखलात नको पडू.”

तेव्हापासून आमचे रविवार भट्टीपाशी जायचे. बायको पीठ मळायची, निलोफर कांदा-मिरची चिरायची, मी खिमा परतायचा आणि सूचना करायच्या. मी थर्मामीटरही आणला होता. मामू त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. निखारे बाजूला सारायचा, ओल्या गोणपाटाने तळ पुसायचा आणि चिमूटभर पीठ आत टाकायचा. पीठ हळूहळू तांबूस झालं तर भट्टी तयार, लगेच काळं पडलं तर अजून थांबा. पिझ्झाला तो उघडा पाव म्हणायचा. स्वतःसाठी मात्र चीज वगैरे काही नाही, नुसता सुका जवळा आणि कांदा. त्या वासाने निलोफर नाक दाबून घरात पळायची, आणि शेवटी अर्धा तीच खायची.

गेल्या हिवाळ्यात तिला पनवेलचं स्थळ आलं. मोठं घर, शिकलेली माणसं. ती मंडळी घरी यायची म्हटल्यावर बिर्याणी कुणीही करतं, आपण भट्टीतला पिझ्झा करू, अशी टूम मीच काढली. मामूला आदल्या दिवशीच बजावलं होतं, की पांढरा सदरा घालून ये. सदरा तो घेऊन आला, पण भट्टीचं काम उरकून घालेन म्हणाला. पाहुणे तासभर आधीच आले. आमच्या घराण्यात सगळेच शिक्षणात, अशी फुशारकी माझी बैठकीत मारून झाली होती. मुलाचे वडील सहज परसात आले. मामू लुंगी-बनियनवर, डोक्याला फडकं, कोपरापर्यंत राख. “हे कोण?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “आमचे भट्टीवाले. खालापूरहून येतात.”

मामू चार हातांवर होता. त्याने वळून एकदाच माझ्याकडे पाहिलं... मग मान खाली घातली आणि म्हणाला, “साहेब, पुढचा घालू काय?”

त्यानंतर सगळा वेळ तो मला साहेबच म्हणत राहिला. बायको त्याला जेवायला बोलवायला निघाली, तिला मी डोळ्यांनीच थांबवलं. तिने पुढे दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. निलोफरला मी हात जोडून गप्प राहायला सांगितलं. स्वतःच्या मुलीपुढे हात जोडण्याची पाळी मी स्वतःवर आणली. पाहुणे गेल्यावर मी भट्टीकडे गेलो. चुकलो म्हणायचं मनात होतं. तोंडातून निघालं ते, “मामू, जेवलास का?” तो म्हणाला, “वासानेच पोट भरलं रं.” त्याचा सदरा तसाच घडी घातलेला पिशवीत होता.

आठ दिवसांत पनवेलहून होकार आला. मामूने खालापुरात पेढे वाटले. लग्नात मात्र तो मंडपात आला नाही, मागे स्वयंपाकाच्या देगांपाशी बसून राहिला. चल म्हणून मी एकदा म्हणालो, पण ते म्हणण्यापुरतंच, हे त्यालाही कळलं. आमच्यात कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला मामू म्हणतात, त्यामुळे सासरी कुणाला कसली शंका आली नाही. मी हुश्श केलं. लाज वाटली नाही, असं म्हणणार नाही. पण सुटल्याचा आनंद लाजेहून मोठा होता.

मामूच्या दफनानंतर दहाव्या दिवशी व्याही भेटायला आले. तुमचे भट्टीवाले गेले म्हणून निलोफर फार रडली, म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, “खरं सांगू का सर? त्या दिवशी जेवेपर्यंत आमचा होकार नव्हता. तुम्ही फार मोठमोठं बोलत होता, राग मानू नका. मी हात धुवायला मागे गेलो आणि त्या म्हाताऱ्याला विचारलं, की घर कसं आहे. तो म्हणाला, मी लई वर्सं हाय इथं, आजपर्यंत ह्या घरात मला कुणी नोकर म्हटलं नाय. नोकर माणूस ज्या घराबद्दल असं बोलतो, तिथली मुलगी आपल्याकडे आली पाहिजे, असं मी गाडीत बसताच ठरवलं.”

बायको माझ्याकडे बघत होती. आता तरी बोल, असंच ते बघणं होतं. मी उठलो आणि चहाचं बघतो म्हणून आत गेलो. स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं... मामू खोटं बोलला नव्हता. त्या दिवसापर्यंत त्याला कुणीच नोकर म्हटलं नव्हतं. चहा घेऊन बाहेर आलो, त्यांनी साखर विचारली, आणि मी पुन्हा गप्पच बसलो.

व्याही वर्तमानपत्राची ही पुरवणी दर रविवारी वाचतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे इथे लिहितो, कारण समोर बसून बोलायला माझी जीभ धजत नाही. साहेब, तो नोकर नव्हता. इस्माईल माझ्या आईचा सख्खा भाऊ होता, त्याने मला वाढवलं, आणि त्या दिवशी तुमच्या शेजारी बसून जेवण्याचा पहिला मान त्याचा होता.