दुधीची आंघोळ

साजगावात आमच्या आळीतलं एकही पोर विमलबाईंच्या पायांवर न्हाल्याशिवाय मोठं झालेलं नाही. पाटावर बसून पाय लांब करायचे, त्यावर बाळ घ्यायचं, डाव्या हातानं मान सावरायची, उजव्यानं अंग चोळायचं. माझी दोन्ही पोरं त्यांनीच न्हाऊ घातली. आणि नेमकी त्यांची लेक सुरभी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, तेव्हाच त्यांचा डावा हात लुळा पडला.

हातावरून वारं गेलं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच, पण वारं म्हटल्यावर आम्ही खिडक्या लावून घेतल्या आणि हात तेल चोळून फडक्यात गुंडाळून ठेवला. हलवू म्हणून दिला नाही.

मग व्यायाम शिकवायला कर्जतहून मनाली यायला लागली. तिनं आधी ते फडकं सोडलं.

"मावशी, हाताला काही झालेलं नाही. हात हलवणारा मेंदूतला भाग दुखावलाय. शेजारचा भाग त्याचं काम शिकतो, पण रोज करून घेतलं तरच. नुसता ठेवलात, तर मेंदू हाताला विसरत जाईल."

"मंग काय करू?"

"दोन्ही हात मिळून लागतील असं काहीतरी. तुम्हाला काय करायचंय?"

"नातवंडाला न्हाऊ घालायचंय."

बाळ अजून पोटात होतं, म्हणून विमलबाईंनी बाजारातून दुधी आणवला. पायांवर घेऊन त्याला आंघोळ घालायला बसल्या. ओला दुधी सटकायचा, फरशीवर फुटायचा आणि भाजी आळीभर वाटली जायची. मला दुधी अजिबात आवडत नाही, तरी खाल्ला. "नातू हिरवागार हाय बरं का," म्हणून मी चिडवायची. त्या हसायच्या नाहीत. डाव्या हातावर डोळे रोखून त्याला दटावत राहायच्या, "धर रं. अंगठा वर घे. सोडू नको."

सुरभी आली आणि तिच्या देखतच एक दुधी फुटला. ती पांढरीफटक पडली. "आई, आपण न्हाऊ घालायला बाई लावू," एवढंच म्हणाली. विमलबाईंनी दुसऱ्या दिवशी नवा दुधी आणवला. मला त्यांच्या हट्टाचा रागच आला.

पण दुधी फुटायचे कमी झाले. शेवटचा तर न पडता सुकून गेला. तो सुरभीनं स्वतः उचलून बाहेर टाकला आणि ठरवलेल्या बाईला नको म्हणून कळवलं.

मुलगी झाली. नाळ पडल्यावर विमलबाईंनी तिला पायांवर घेतलं. मी पाणी ओतत होते, सुरभी दोन्ही हात पुढे करून शेजारी बसली होती. "रडतीस कशाला गं, झालंच की," म्हणत विमलबाईंनी बाळाला चोळलं, पालथं केलं, परत सुलटं केलं आणि टॉवेलात गुंडाळून लेकीच्या मांडीवर दिलं.

मग आपल्या ओल्या डाव्या हाताकडं पाहत राहिल्या.

"ह्याच्याकडं बघायचं इसरलेच मी," त्या म्हणाल्या, आणि पाटावर बसूनच रडायला लागल्या.