काळ्या मातीतले भियासाहेब

परदेशी कंपनीच्या सर्वांत मोठ्या साहेबालाही ‘भिया’, म्हणजे माळवीत भाऊ, म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. म्हणून अख्खा कारखाना त्यांना भियासाहेब म्हणायचा. पूर्वज देवासच्या दरबारात कारकून. घरी ‘आपण बसावे’ असली जुन्या वळणाची मराठी आणि बाहेर पक्की माळवी. पेरणी यंत्रं बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात ते तक्रार विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखालचा नवा इंजिनियर.

तक्रारीचा कागद ते फारसा वाचत नसत. “कागदाला चिखल लागत नाही,” म्हणत आणि जीपमध्ये बसत. शेतावर पोचले की आधी बूट काढून दोन सरी अनवाणी चालत. मला लाज वाटायची. पुढे मीही बूट काढू लागलो.

कंपनीचा नियम होता: यंत्र जगभर एकसारखं, एका बोल्टचाही फरक नको. भियासाहेबांना तो पटायचा. “म्हणून तर कुठलाही सुटा भाग कुठेही बसतो.” पण पाऊस पडून गेला की कन्नौदच्या काळ्या मातीनं यंत्राच्या सरी पाडणाऱ्या चकत्या भरून जायच्या आणि सोयाबीनचं बी वरच पडायचं. आम्ही वर कळवलं. उत्तर आलं, ‘रचनेत बदल होणार नाही.’ मग भियासाहेबांनी तिथल्याच लोहाराकडून चकतीवरची माती खरवडणारी पट्टी बनवून घेतली आणि गुपचूप वीसेक यंत्रांना बसवली.

आठ महिन्यांनी ते उघड झालं. चौकशीला मुख्य कचेरीतून कोणी येणार, दोष आढळला तर नोकरी जाणार, असं पत्र आलं. निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली. वहिनींनी देव पाण्यात ठेवले.

पाऊस सुरू झाल्यावर आल्या त्या एक उंच, अबोल बाई. भियासाहेबांनी बचाव केलाच नाही. बाईंना थेट कन्नौदला नेलं. पट्टी नसलेलं यंत्र बाईंनी स्वतः ट्रॅक्टरला लावून चालवलं. अर्ध्या शेतातच चकत्या अडल्या. खाली उतरून त्यांनी हातानं माती काढली. पट्टीवालं यंत्र मात्र सरळ बांधापर्यंत गेलं.

शेतकरी खूश होऊन म्हणाला, “साब, अब ये चेन का ढक्कन भी निकाल दो. तेल देने में अड़ता है.”

“नहीं भिया!” भियासाहेब कडाडले. “हाथ जाएगा. ढक्कन सारी दुनिया में लगेगा, कन्नौद में भी!”

ते का चिडले, असं बाईंनी मला विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं. बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, “म्हणजे काय बदलायचं नाही, हेही यांना कळतं.”

नोकरी वाचली. लेखी ताकीद मात्र मिळाली, आणि पुढच्या हंगामात काळ्या मातीच्या भागांसाठी पट्टी कारखान्यातूनच बसून येऊ लागली. कचेरीत पेढे वाटले गेले. ताकीद मिळाल्याचे पेढे मी तेवढेच खाल्ले.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. वाटलं, पट्टीचा किस्सा पुन्हा रंगवतील. पण ते हळू आवाजात म्हणाले, “भिया, तक्रार मी वर कळवली, उपाय मात्र लपवला. कन्नौदची वीस शेतं वाचली, पण त्या हंगामात तशाच काळ्या मातीच्या धार भागातल्या कितीतरी लोकांना दुबार पेरणी करावी लागली. लोहाराकडून परतलो त्याच दिवशी सांगायला हवं होतं. फार तर ओरडले असते.”

आता मी त्यांच्या खुर्चीत बसतो. परवा सरदारपूरच्या एका शेतकऱ्यानं यंत्रात केलेला जुगाड दाखवला. तिथेच बांधावर उभं राहून मी त्याचा फोटो मुख्य कचेरीला पाठवला. ओरडा खाल्ला. फोटो पोचला.